उलट्या वाटेच्या मॅडम

सन दोन हजार अठरा. मला सत्तावन्न पुरी होऊन अठ्ठावन्नावं लागलं होतं. पंपाच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो, त्याला तीस वर्षं झाली होती. फेब्रुवारीतल्या एका सकाळी स्टोअरच्या खिडकीत बसलो होतो, तेव्हा लांबून कुईं-कुईं असा चाकाचा आवाज आला. आमच्याकडे चाकं पुष्कळ, पण प्रत्येक चाकाला तेल घालायचा दिवस ठरलेला. मग हे कुठलं बिनतेलाचं चाक म्हणून मी जाळीतून डोकावलो. बघतो तर एक बाई. पस्तीस-छत्तिशीच्या, अंगात सुती कुर्ता, पायात जाड तळव्याचे बूट, पुढ्यात ढकलगाडी आणि गाडीवर एक जळका पंप. आणि त्या ज्या वाटेनं येत होत्या ती वाट उलटी होती.

उलटी म्हणजे काय ते सांगतो. कारखान्यात माल एकाच दिशेनं जातो. परचेसवाले विकत घेतात, तो स्टोअरमध्ये येतो, स्टोअरमधून असेंब्लीत, असेंब्लीतून टेस्टिंगला, आणि तिथून गाडीत बसून गिऱ्हाइकाच्या घरी. बिघडला तर परत येतो आणि मागच्या बाजूला सर्व्हिसच्या शेडमध्ये जाऊन पडतो. शेडमधून निघून माल पुन्हा मागं चालत आलेला मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. ह्या मृदुला मॅडम मात्र शेडमधून रोज एक मेलेला पंप उचलायच्या, गाडीवर घालायच्या आणि तो ज्या ज्या हातांतून गेला होता त्या त्या हातापर्यंत मागं मागं यायच्या. आठवड्याच्या आत कामगारांनी त्यांचं नाव 'उल्टी मॅडम' पाडलं. त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरोबर आहे की. सरळ वाटेनं तर पंप रोजच जातोय."

त्या पुण्याच्या. मोठ्या ऑफिसनं त्यांना इकडं पाठवलं होतं, आणि ते उगाच नव्हतं. आम्ही घरगुती पंप करायचो, खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारे. दोन उन्हाळे आमचे पंप भराभर परत येत होते. आतली रबरी रिंग चिरायची, पाणी मोटारीत शिरायचं, मोटार जळायची. एप्रिल-मेमध्ये हैदराबादेत पंप बंद पडला की त्या घरात काय रणकंदन होतं, ते इथं राहणाऱ्याला सांगायला नको. आणखी एक उन्हाळा असाच गेला तर आमच्याकडची लाईन बंद करायची आणि पंप बाहेरून बनवून घ्यायचे, असं वर ठरलं होतं. म्हणजे आम्ही साठ-सत्तर माणसं घरी.

हे सगळ्यांना माहीत होतं. पण माहीत असून करणार काय? आमच्याकडं एकेक विभाग म्हणजे एकेक संस्थान. सर्व्हिसवाले म्हणायचे असेंब्ली नीट बसवत नाही. असेंब्लीवाले म्हणायचे स्टोअर खराब माल देतं. मी म्हणायचो परचेसनं स्वस्तातला आणला. परचेस म्हणायचं कागदावर लिहिलं होतं तोच आणला. प्रत्येकजण आपल्या दारात उभा राहून दुसऱ्याच्या दाराकडं बोट दाखवायचा, आणि संध्याकाळी सगळे एकाच कंपनीच्या बसनं घरी जायचे.

मी तर सगळ्यांत पुढं. स्टोअर आणि असेंब्लीत अंतर वीस पावलांचं. पण असेंब्लीचा फोरमन खाजा मियाँ आणि मी, आम्ही अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. कारण एक बॉक्स पाना. तो म्हणायचा परत दिला, मी म्हणायचो दिला नाही. तेव्हापासून आमच्यात फक्त स्लिपा चालायच्या. बसमध्ये तो पुढच्या दारानं चढायचा, म्हणून मी मागच्या दारानं चढायचो. चिक्कडपल्लीच्या थांब्यावर मागचं दार कधीकधी उघडत नसे. मग मी बाहेरून थापा मारायचो, पण पुढच्या दारानं नाही म्हणजे नाही.

त्या पहिल्या सकाळी मॅडम खिडकीशी आल्या. "नमस्कार काका," म्हणाल्या. मराठी ऐकून मला बरं वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

"स्लिप?" मी म्हणालो.

"स्लिप नाही. एक उत्तर हवं होतं."

"इथून काही पण न्यायचं तर स्लिप लागते. तीन सह्या. फोरमन, सुपरवायझर आणि रेड्डी साहेब." रेड्डी साहेब म्हणजे आमच्या प्लँटचे मुख्य.

दुसरी एखादी बाई असती तर साहेबांकडं तक्रार घेऊन गेली असती. ह्या गाडी वळवून कुईं-कुईं करत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी साडेआठला परत हजर. जाळीखालून स्लिप सरकवली. वस्तूचं नाव: उत्तर. नग: एक. कशासाठी: पंप का मरतो ते कळावं म्हणून. खाली तीन सह्या, साहेबांची हिरव्या शाईतली. आणि सगळं मराठीत, ठळक, सुटं सुटं अक्षर. तीस वर्षांत माझ्या खिडकीत आलेली ती पहिली मराठी स्लिप. अजून माझ्याजवळ आहे.

"स्टॉकमध्ये आहे का काका?"

मला हसू आवरेना. म्हटलं, "बघावं लागेल. विचारा."

"ही रिंग तुम्ही कुणाच्या हातात दिलीत?"

"असेंब्लीच्या."

"असेंब्लीला हात नसतात काका. माणसाचं नाव सांगा."

हे त्यांचं वाक्य. पुढं वर्षभर कारखान्यात ते इतकं फिरलं की कँटीनमध्ये भाताला खडा लागला तरी लोक विचारायचे, "तांदूळ कुणी निवडला? नाव सांगा." पण त्या दिवशी माझी पंचाईत झाली. अकरा वर्षं मी ते नाव उच्चारलं नव्हतं. तोंड फिरवून म्हणालो, "तो. खाजा."

"आणि तुमच्या हातात कुणी दिली?"

"परचेस—"

"काका."

"व्यंकटेश्वरलू."

"कधी भेटलात त्यांना?"

"कशाला भेटू? माल गेटावरून येतो, कागद त्याच्याबरोबर येतो. स्टोअर कुणाकडं जात नसतं. लोक स्टोअरकडं येतात."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. म्हणाल्या, "बरं. मग मीच येत जाईन." आणि खरंच रोज यायला लागल्या.

मॅडम खुर्चीवर बसलेल्या मी फार कमी पाहिल्या. त्यांना वरच्या मजल्यावर एसीची खोली दिली होती. तिथं त्यांची पर्स राहायची. चहाचा कप हातात घेऊन निघायच्या, बोलता बोलता कुठल्या तरी मशीनवर ठेवायच्या, आणि संध्याकाळी पाच ठिकाणी त्यांचे गार चहाचे कप सापडायचे. दुपारचा डबा रोज वेगळ्या विभागात. सर्व्हिसच्या श्रीनिवासकडं आंध्रचं लोणचं चाखलं आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना "छान आहे, छान आहे" म्हणत राहिल्या. हिंदी म्हणाल तर धन्य. खाजा मियाँला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आप जरा मेरेको समजावके सांगेंगे क्या?" तो माणूस हसून हसून खाली बसला. पण त्याच दिवसापासून तो त्यांच्याशी मोकळा झाला, हेही खरं.

माझ्या मराठीचं त्यांना नवल. मी 'परेशान' म्हणालो, 'नक्को' म्हणालो की त्यांचे ओठ हलायचे. मी एकदा सुनावलंच, "मॅडम, तुमच्या पुण्यातल्या 'नको'त विनंती असते. आमच्या 'नक्को'त दार लावल्याचा आवाज असतो. दोन्ही सारखे नाहीत." त्यांना ते पटलं. पुढं कुणाला निक्षून नाही म्हणायचं असलं की त्या 'नक्को' म्हणायच्या, आणि चांगलं म्हणायच्या.

त्या चाकाच्या कुईं-कुईंनं माझं डोकं उठायचं. एक दिवस म्हटलं, "मॅडम, आणा ती गाडी इकडं. दोन थेंब तेल सोडतो. स्लिप पण नक्को."

"तेल घालू नका काका. आवाज आला की लोक आपणहून दारात येतात. तेल घातलं तर मला प्रत्येकाचं दार वाजवावं लागेल."

आता त्या काही देवमाणूस नव्हत्या. चुकायच्याही. मार्चमध्ये एकदा चहाच्या वेळी चारचौघांत बोलून गेल्या की टेस्टिंगमध्ये पंप जेमतेम दोन मिनिटं चालवतात, त्यात काय कळणार? टेस्टिंगची सुजाता तिथंच उभी होती. तिनं कप खाली ठेवला आणि निघून गेली. त्यानंतर गाडीची कितीही कुईं-कुईं झाली तरी टेस्टिंगच्या दारात कुणी येईना. मग एक दिवस मॅडम पूर्ण पाळीभर सुजाताच्या शेजारी उभ्या राहिल्या, पंप उचलून देत, पाइप जोडत. तेव्हा त्यांना कळलं की जास्त वेळ द्या म्हणून त्या मुलीनं दोनदा लेखी मागणी केली होती आणि कुणी उत्तर दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, त्याच चारचौघांत, मॅडम म्हणाल्या, "परवा मी सुजाताच्या कामाबद्दल बोलले. मला फक्त माझ्या कामाबद्दल बोलायचा हक्क आहे. माफ कर." सुजातानं त्यांना आपल्या डब्यातली चकली दिली. त्या दिवसापासून त्यांनी नेम केला. माणसाचं नाव विचारायचं, पण त्याला भेटायला. बोट दाखवायला नाही. आणि बोलायचं ते आपापल्या हाताचं.

आता माझ्या हाताचं सांगतो. इथं लिहिताना अजून जरा जड जातं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा नाला फुटून स्टोअरमध्ये पाणी शिरलं होतं. खालच्या रॅकवरचे खोके भिजले, आणि तेव्हाच्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर झापलं. त्या दिवशी मी ठरवलं, नाजूक आणि महागाचा माल सगळ्यांत वर. रबरी रिंगांचे डबे मी पार वरच्या रॅकवर, पत्र्याच्या छपराखाली हातभर अंतरावर लावले. पाणी पोचणार नाही, उंदीर पोचणार नाही, माणूस पोचणार नाही. सकाळी सातला शिडी लावायची, दिवसभराचा माल खाली काढायचा, आठच्या आत शिडी आडवी. दारातून आत कुणाला घ्यायचं नाही. इतक्या वर्षांत माझ्याकडची एक रिंग इकडची तिकडं झाली नाही, आणि मला त्याचा फार गर्व होता.

मेच्या पहिल्या आठवड्यात, ऐन दुपारी मॅडम आल्या. कोऱ्या पंपातून काढलेली रिंग जाळीखालून सरकवली. "काका, वास घ्या."

वास घेतला. गोडं तेल! भज्याचं!

माझं डोकं फिरलं. "माझ्या मालाला तेल लावतात? कुणी लावलं?"

"जाऊन विचारा ना. वीस पावलं आहेत."

"मी नाही जाणार."

"मग त्यांना बोलावते."

"येऊ दे. पण खिडकीपर्यंत."

खाजा मियाँ आला. माझ्याकडं न बघता मॅडमला म्हणाला, "मॅडम, इनकू बोलो, इनका रिंग पापड सरीका आता. तेल में डुबा के नै रखे तो बैठता च नै. झुकाया तो टूट जाता."

"ह्याला सांगा," मी पण मॅडमलाच म्हणालो, "माझा माल पापड नाही. तीस वर्षांत एक तक्रार नाही."

"तक्रार कैसी करना? इनसे बात करने कू स्लिप होना!"

आता मी थेट त्याच्याकडं बघितलं. रागच तसा आला होता. उठलो, दाराची कडी काढली आणि ओरडलो, "ये! ये आत! वर चढ आणि डोळ्यानं बघ!"

बघा, स्टोअरचं दार मी उघडलं ते काही मोठेपणानं नाही. त्याला खोटं पाडायचं होतं म्हणून उघडलं.

खाजा मियाँ शिडी चढला. वरच्या डब्याला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला. "या अल्ला! माणिकराव, ये रॅक है की तंदूर?"

मी चढलो. माझं डोकं पत्र्याजवळ गेलं आणि तोंडावर भट्टीची झळ आली. मी रोज चढायचो, पण सकाळी सातला. ऐन दुपारी त्या शिडीवर मी तीस वर्षांत एकदाही चढलो नव्हतो. डब्यातली रिंग हातात घेऊन वाकवली. ती बोटांत तडकली.

डबा घेऊन खाली आलो. मॅडमनी तो माझ्या हातातून घेतला, फिरवला. एका बाजूला लाल अक्षरांत इंग्रजीत काहीतरी छापलं होतं. त्यांनी ते वाचलं, मला दिसलं. मग त्यांनी ती बाजू आपल्या कुर्त्याकडं वळवली आणि डबा टेबलावर तसाच ठेवला. खाजा मियाँला दिसू दिला नाही. एवढंच म्हणाल्या, "फार तापतंय इथं. उद्या साहेबांच्या खोलीत सगळे बसू या."

त्या क्षणी मला कळलं की त्यांना कळलंय. त्या पहिल्या सकाळी त्यांनी माझ्या खिडकीवरून नजर फिरवली असेल, मी लोकांच्या स्लिपांवरचे नुसते आकडे बघतो ते पाहिलं असेल. म्हणून ती मराठी स्लिप. माझी शाळा गौलीगुड्याची, मराठी चौथी. इंग्रजी मला वाचता येत नाही. आकडे येतात, डब्याचे रंग ओळखू येतात, सही येते. तेवढ्यावर मी तीस वर्षं काढली आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. अंगात ऐट एवढी, की कुणाची विचारायची छातीच झाली नाही.

त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं, "कुणी काही बोललं का?"

म्हटलं, "कुणी काही बोललं नाही. तीच तर परेशानी आहे."

दुसऱ्या दिवशी रेड्डी साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे. खाजा मियाँ, सुजाता, श्रीनिवास, परचेसचा व्यंकटेश्वरलू, डिझाइनचे दोघं, आणि दाराजवळच्या खुर्चीवर मी. मॅडमनी आपला नेम सांगितला: दुसऱ्यानं काय केलं ते कुणी बोलायचं नाही, आपण काय केलं ते सांगायचं. मग त्या खुर्ची ओढून बसल्या. जो तो शेजारच्याला कोपर मारून आधी तू म्हणून खुणावू लागला. कारण असं बोलायची आम्हाला कुणालाच सवय नव्हती.

पहिला खाजा मियाँ उठला. "साब, रिंग कू तेल मैं लगाया. दो साल से. कडक आता था, तेल से नरम पडता. किसी कू बोला नै."

रेड्डी साहेबांनी पेन उचललं. "म्हणजे तेलामुळं. तेलानं दोन दिवस मऊ राहते, टेस्टिंगमध्ये पास होते, घरी गेली की चिरते. मिल गया." आणि खाजा मियाँकडं त्यांनी असं पाहिलं, की त्याची नोकरी गेली हे सगळ्यांनाच कळलं.

खरं सांगतो, तेव्हा मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. मॅडम बोलणार नव्हत्या, नेम त्यांचाच होता. ज्या माणसाशी मी अकरा वर्षं बोललो नाही तोच जाणार होता. तेल बंद झालं असतं, डबे पत्र्याखाली तसेच भाजत राहिले असते, पंप परत येत राहिले असते, आणि उन्हाळ्यानंतर आम्ही सगळेच घरी बसलो असतो. मी मॅडमकडं पाहिलं. त्या आपल्या बुटांकडं बघत होत्या.

मी उठलो. "साब, तेल बाद का है. पहले मैं भूना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी तो डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला, लाल अक्षरं त्यांच्याकडं करून. "इस पे अंग्रेजी में लिखा है. क्या लिखा है, मेरेकू मालूम नै. मेरेकू अंग्रेजी पढना आता च नै. तीस साल में किसी कू बोला नै, किसी कू पूछा नै."

साहेबांनी वाचलं. थंड जागी ठेवावे, उष्णतेपासून दूर. एवढंच होतं.

मग व्यंकटेश्वरलू हळूच म्हणाला, "सर, रिंगवाल्या कंपनीनं दोन वर्षांपूर्वी रबर बदललं, तेव्हा त्यांचं ह्याबद्दल पत्र पण आलं होतं. माझ्याकडं. मी फाइलला लावलं." श्रीनिवास म्हणाला की तो बिघडलेल्या पंपात दुसरी रिंग टाकून द्यायचा, माझ्याच स्टोअरमधली. डिझाइनवाल्यानं सांगितलं की नकाशावर बारीक अक्षरात तीच सूचना आहे, पण खाली जाऊन माल कुठं ठेवतात ते त्यानं कधी पाहिलं नाही. सुजाता म्हणाली, "मी दोनदा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहायला हवं होतं."

रेड्डी साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मतलब सबको थोडा थोडा मालूम था."

"हो सर," मॅडम आत्ता बोलल्या. "पूर्ण कुणालाच नाही."

खोलीतून बाहेर पडताना खाजा मियाँ माझ्याबरोबर चालू लागला. मला वाटलं आभार-बिभार मानतो की काय. तो म्हणाला, "क्या माणिकराव, तुम गलत पढते ये मालूम था, पढते च नै ये आज मालूम पडा." मी म्हटलं, "तुझं भज्याचं तेल पिऊन माझ्या रिंगा बिघडल्या, ते बोल." झालं. अकरा वर्षांचं मिटलं.

कुणाची नोकरी गेली नाही. साहेबांनी वरून आणखी एका उन्हाळ्याची मुदत मागून घेतली. रिंगा खालच्या गार खोलीत आल्या. असेंब्लीची माणसं सकाळी आत येऊन रिंग हातानं दाबून बघून घेऊ लागली. तीन सह्यांची एक झाली. सुजाताला तिची जास्तीची मिनिटं मिळाली. डब्यांवर कंपनीवाल्यांकडून मॅडमनी सूर्याचं चित्र छापून घेतलं, त्यावर काट. म्हणाल्या, "हे कुणालाही वाचता येतं." आणि वरचं रॅक हलवलं तेव्हा भिंतीच्या फटीत काय सापडावं? बॉक्स पाना. खाजा मियाँनी परत दिला होता, आणि मीच वर ठेवला होता. त्यानं तो उचलून माझ्या टेबलावर मांडला. "लो जी, पाना सलाम बोल रहा." मी तो पुसला आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला टांगला.

पुढचा उन्हाळा आला. एप्रिल गेला, मे गेला. सर्व्हिसच्या शेडमध्ये इतकी जागा रिकामी राहिली की श्रीनिवासनं तिथं कॅरम मांडला. लाईन चालू राहिली. साहेबांनी लाडू वाटले.

मी मात्र एका गोष्टीत सुधारलो नव्हतो. सगळे माझ्याकडं यायचे, दार उघडं असायचं, चहा पण व्हायचा. पण मी उठून कुणाच्या विभागात गेलो नव्हतो. मॅडम टोचायच्या, "काका, तुम्ही कधी निघणार बाहेर?"

"मेल्यावर चौघंजण काढतील," मी म्हणायचो.

जूनमध्ये मोठ्या ऑफिसनं त्यांना दुसऱ्या कारखान्यात पाठवलं. निरोपाचं भाषण त्यांनी करू दिलं नाही. दिवसभर प्रत्येक विभागात जाऊन एकेक घास खाल्ला, आणि संध्याकाळी बस सुटायच्या आधी माझ्याकडं आल्या. कुईं-कुईं करत. गाडी दाराशी लावली.

"ही स्टोअरमध्ये जमा करते काका."

मी रजिस्टर काढलं. अशी वस्तू नुसती पडून राहू शकत नाही, ती कुणाच्या तरी ताब्यात असावी लागते. विचारलं, "कुणाच्या नावावर लिहू? सर्व्हिसच्या?"

त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

"बरं, बरं," मी म्हणालो. "सर्व्हिसला हात नसतात."

त्या वाकून पाया पडल्या. मी म्हटलं, "असं करू नका मॅडम, मी चौथी पास." त्या म्हणाल्या, "मला एक उत्तर इश्यू केलंत ना काका, अजून परत केलेलं नाही मी." आणि निघाल्या, बुटांचा ठक-ठक आवाज करत. माझ्या दारातून त्या पहिल्यांदाच गाडीशिवाय चालल्या होत्या. रजिस्टरातला नावाचा रकाना मी त्या दिवशी कोराच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहा दहाच्या बसला पुढच्या दारानं चढलो. स्टोअर उघडलं, माल काढला, आठला शिडी आडवी केली. मग रजिस्टर उघडून त्या रकान्यात माझं नाव लिहिलं, खिडकीवर 'बाहेर गेलोय' अशी पाटी लटकवली, आणि गाडी घेऊन निघालो. आधी सर्व्हिसच्या शेडकडं. श्रीनिवास कॅरम टाकून उभा राहिला आणि तेलुगूतलं मानाचं 'गारू' जोडून म्हणाला, "माणिकरावगारू, तुम्ही?" त्याच्याकडून त्या आठवड्यात परत आलेला एकुलता एक पंप घेतला आणि उलट्या वाटेनं लागलो. टेस्टिंगच्या दारात सुजाता आली. वरच्या मजल्याच्या खिडकीत डिझाइनवाले आले. असेंब्लीच्या दारात खाजा मियाँ कमरेवर हात ठेवून उभाच होता.

"क्या माणिकराव, रस्ता भूले क्या?" म्हणाला, आणि माझ्या हातातल्या गाडीच्या चाकाकडं बघून आपला जुना तेलाचा डबा पुढं केला. "लाओ, दो बूंद डालतों."

"नक्को," मी म्हणालो. "हा पंप कुणाच्या हातातनं गेला? नाव सांग."